अकरा सेकंदांचा पंचनामा

आमच्यात पंचनाम्याची पद्धत पडली ती माझ्या दोस्तामुळे. पक्का थापाड्या माणूस. एका रॉक बँडच्या मागे आम्ही चौघं वीसेक वर्षं फिरलो, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर हा सांगणार, ‘गिटारवाल्याने माझ्याकडे बघून मान डोलवली.’ ‘तिसऱ्या गाण्यात गायकाने मला डोळा मारला.’ एकदा तर म्हणे ड्रमवाल्याची काठी उडून थेट याच्या हातात आली, पण बाजूच्या मुलीला हवी होती म्हणून याने ती देऊन टाकली. कर्णाचा अवतारच! शेवटी मी वैतागून म्हटलं, आजपासून तुझं एकट्याचं काही चालणार नाही. कार्यक्रमानंतरच्या रविवारी माझ्या वाडीत बसायचं, एकेकाने आपल्याला काय दिसलं, काय ऐकू आलं, काय वाटलं ते सांगायचं, आणि दुसऱ्या कोणी दुजोरा दिल्याशिवाय एक शब्द मंजूर करायचा नाही.

तर असे आम्ही केळीच्या बागेत पंपाच्या खोलीच्या ओट्यावर बसायचो. मी, दोस्त, अर्नाळ्याचा एक जण आणि बोळिंजवाली. अर्नाळ्याचा म्हणजे कोळ्याचा मुलगा, पण नोकरी बँकेत. बोळिंजवाली विरारजवळच्या बोळिंजची, आमच्यात सगळ्यांत धाकटी, विम्याच्या ऑफिसात कामाला. मध्ये भुजिंगचा, म्हणजे भाजलेल्या कोंबडी-पोह्यांचा, पुडा उघडलेला, आणि चौघांची जुंपलेली. गायकाचा आवाज शेवटी फाटला की त्याने मुद्दाम फाडला? बेस उशिरा आला की ड्रमवाला घाईत होता? अर्नाळ्याचा प्रत्येक वेळी सांगायचा की अमुक गाण्याला अंगावर काटा आला, आणि दोस्त म्हणायचा, ‘पुरावा दाखव.’ दोन दोन तास चालायचं. बायको म्हणायची, तुमचा पंचनामा ऐकून पोलीस राजीनामा देतील.

दुसरा नियम मात्र माझा एकट्याचा. कार्यक्रमात मोबाईल खिशात. एका वर्षी पंचनाम्याला बसलो तर कोणालाच काही आठवेना. जो तो मोबाईल काढून ‘थांब, दाखवतो’ म्हणायला लागला. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, देवाने कान फुकट दिलेत ते वापरा, नाहीतर घरी बसा. मी दिवसभर क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवतो. आवाज चढवायची सवय, आणि राग कायम नाकावर. ते मला मास्तरच म्हणायचे. कटकट नको म्हणून तिघांनी मान्य केलं. पुढे त्यांनाही त्याची गोडी लागली, असं मी तरी समजत होतो.

दोस्त माझ्या शेजारच्या गावातला, ख्रिस्ती. एसी दुरुस्तीची कामं करायचा. लग्न केलं नाही. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. सतराव्या वर्षी याने केस वाढवले, कॉयरच्या सरांनी चारचौघांत झापलं, आणि आईनेही सरांचीच बाजू घेतली. हा उठला तो परत गायलाच नाही. ना चर्चमध्ये, ना कोणाच्या लग्नात, ना घरात. आई दर नाताळला म्हणायची, ‘एक तरी म्हण रे.’ हा हसून विषय बदलायचा. सत्तावीस वर्षं! हट्टीपणात मायलेक एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. बँडच्या गर्दीत मात्र तो आमच्या कानाशी गुणगुणायचा, तेवढंच.

थंडी सरता सरता तो बँड पहिल्यांदा आपल्या वसईत आला. वीस वर्षं आम्ही त्यांच्या दारात जात होतो, आता ते आमच्या अंगणात येणार. दुपारी चारलाच जाऊन आम्ही स्टेजसमोर पहिल्या रांगेत उभे राहिलो. दोस्ताने नवा शर्ट घातला होता. बोळिंजवाली म्हणाली, ‘काय, बघायला येतायत का तुला?’ तो लाजला.

पाच गाणी झाली. सहावं आमचं सगळ्यांचं लाडकं. त्याची पहिली ओळ सुरू होणार इतक्यात जनरेटर बसला. दिवे गेले, आवाज गेला, सगळं मैदान काळोखात. शिट्ट्या, आरडाओरडा, पैसे परत द्या. आणि माझ्या डाव्या हाताला दोस्ताने ते गाणं उचललं. माईक नाही, वाद्य नाही, काही नाही. समोरच्या रांगा गप्प झाल्या. मागच्यांना काही ऐकूच येत नव्हतं, त्यांच्या शिट्ट्या चालूच होत्या. आजूबाजूला मोबाईल वर यायला लागले, बहुतेकांनी टॉर्च लावले होते. त्यांत आमच्या बोळिंजवालीचाही हात वर! मग मी काय केलं असेल ते सांगायला नको.

थोड्या वेळाने दिवे आले. गायकाने स्टेजवरून दोस्ताकडे बोट दाखवून टाळ्या वाजवल्या, आणि बँडने तेच गाणं पहिल्यापासून घेतलं. दोस्त रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. ‘मास्तर, आईला सांगितलं मी गायलो. ती म्हणते, सकाळी सकाळी थापा मारू नकोस. कोणाकडे काही आहे का रे? एवढंसं असलं तरी चालेल.’

मी हसलो. ‘तुझ्यासाठी नियम मोडू का आता? हे बघ, येत्या रविवारी मावशींना घेऊन वाडीत ये. तीन साक्षीदार उभे करतो. तुझ्या थापांच्या इतिहासातली पहिली खरी गोष्ट, वाजतगाजत मंजूर करू.’

‘तसंच करतो,’ तो म्हणाला. ‘पण आवाज असता तर बरं झालं असतं.’

गुरुवारी तो विरारला एका फ्लॅटमध्ये एसी दुरुस्त करायला गेला होता. छातीत कळ आली म्हणून स्टुलावरून उतरून खाली बसला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या दफनभूमीत आम्ही मूठ मूठ माती टाकली. अर्नाळ्याचा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मला रडू येईना. मी नुसता चिडलेला होतो, स्टुलावर, एसीवर, त्या फ्लॅटवाल्यांवर.

रविवारी संध्याकाळी त्याच्या घरी तेर्स होता. ती प्रार्थना मला येत नाही, मी हात जोडून मागे उभा राहिलो. माणसं गेली. आम्ही तिघं निघालो तशी मावशींनी थांबवलं. त्या घरी त्यांच्या बोलीत बोलतात, मला सगळं कळतं पण लिहिता येत नाही, म्हणून इथे साधं लिहितो.

‘आज रविवार,’ त्या म्हणाल्या. ‘तो मला तुझ्या वाडीत नेणार होता. आता तुम्ही इथे आलाच आहात, तर बसा. तुमचं ते काय असतं ते इथेच करा. मी त्याला थापाड्या म्हटलं, तेव्हापासून चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. आणि गेला. मला एवढंच सांगा, माझा पोरगा गायला की नाही?’

अर्नाळ्याचा आधी बोलला. एरवी बँकेतली मराठी बोलतो, पण त्या दिवशी घरचीच तोंडात आली. ‘मावशी, कोनाची पन शपथ घालाल ती घेतो. अख्खं गानं म्हटलं त्यानं. डोल्यांत पानी आलं माझ्या.’

‘अख्खं नाही,’ बोळिंजवाली म्हणाली. ‘पहिलं कडवं, ते दोनदा. मध्ये एक ओळ विसरला, तिथे नुसतं गुणगुणला. तेव्हा गायक हसला, आणि स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला.’

‘अगं, गायक आधीच बसला होता!’

‘मग तुझं लक्ष नव्हतं.’

‘माझं? मी त्याच्या खांद्याला लागून उभा होतो!’

आणि दोघं भांडायला लागले, अगदी वाडीतल्यासारखे. अर्नाळ्याचा सवयीने ‘पुरावा दाखव’ म्हणून गेला. ते वाक्य कोणाचं होतं ते आम्हा तिघांना माहीत होतं.

मावशी माझ्याकडे वळल्या. ‘मास्तर, तू सांग. तू कधी खोटं बोलत नाहीस. कसा दिसत होता तो?’

मला काय दिसलं होतं? मोबाईल. त्याने गाणं उचललं आणि मी गर्दीकडे तोंड करून वळलो, कोणाकोणाचा हात वर आहे ते बघायला. परीक्षेत पहारा करतात तसा. बोळिंजवालीवर ओरडलो, मग तिच्या मागच्यावर, मग आणखी कोणावर. ओरडणं संपेपर्यंत दिवे आले होते. वीस वर्षं ज्याच्या थापा मी फेटाळल्या, तो एकदा खरंच गायला, आणि त्याचा शेजारी उभा असलेला साक्षीदार पाठ फिरवून उभा होता.

‘मावशी,’ मी म्हटलं, ‘मी पाठमोरा होतो.’

त्यांना ते नीट कळलं नसावं. त्या म्हणाल्या, ‘एवढी माणसं होती तिथे, एकाकडेही त्याचा आवाज नाही?’ ते मी आधीच शोधून ठेवलं होतं. चाहत्यांच्या ग्रुपवर तीन दिवस मागत होतो. चार-पाच जणांनी पाठवलंही, सगळ्यांत काळोख आणि शिट्ट्या. त्याच्या जवळ आम्हीच होतो, आणि आम्ही तर नियमाची माणसं.

बोळिंजवाली रडायलाच लागली. पर्समधून मोबाईल काढला आणि माझ्याकडे न बघता मावशींच्या पुढे धरला. ‘माझ्याकडे आहे. अकरा सेकंद. मी कोणाला दाखवलं नाही.’

‘का नाही सांगितलंस?’ मी विचारलं.

‘तू ऐक म्हणजे कळेल.’

तिने लावलं. आधी शिट्ट्या. मग कोणीतरी म्हणतं, ‘ए, गप रे, ऐक.’ मग क्षणभर शांत. आणि मग मी. ‘खिशात! फोन खिशात! कितीदा सांगायचं गं? अक्कल गहाण ठेवलीयस का?’ काय तो आवाज! कर्कश, माजोरडा, क्लासमधल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्याच्या खाली काहीतरी आहे, गाणं असेलही, पण लागत नाही. मग कापडाची खसखस आणि संपलं. दोस्ताचा एक शब्दसुद्धा नाही. अकरा सेकंदांतले आठ मी खाल्ले होते.

मावशींनी मोबाईल कानाला लावून तीनदा ऐकलं. मी म्हटलं, ‘पुसून टाका ते. माझा आवाज आहे त्यात. पाया पडतो तुमच्या.’

‘थांब जरा,’ त्या म्हणाल्या. चौथ्यांदा ऐकलं. ‘तुझ्या आधी बघ. श्वास आहे. नाकाने, आवाज करून. ओळ उचलायच्या आधी तो असाच श्वास घ्यायचा. सरांनी कितीदा सांगितलं, श्वास ऐकू येता कामा नये. गेली नाही ती खोड.’ मग त्या बोळिंजवालीला म्हणाल्या, ‘गायला गं तो. खरंच गायला.’ आणि पदरात तोंड घालून रडल्या. तेव्हा मलाही रडू आलं, आणि ते मग काही केल्या थांबेना.

बोळिंजवालीने ते अकरा सेकंद मावशींच्या मोबाईलवर पाठवले, माझ्याही. मला तो श्वास तेव्हा ऐकू आला नव्हता. घरी आल्यावर मोठा आवाज करून ऐकला, मग आला. कोणीतरी नाकाने भरभरून हवा घेतंय, एवढंच. पुढच्या आठवड्यात विरारला एका साऊंडवाल्याकडे गेलो. म्हटलं, माझा आवाज काढून टाका, काय करायचं ते करा, खालचं गाणं वर आणा. त्याने हेडफोन लावून खूप खटपट केली. शेवटी म्हणाला, ‘सर, तुम्ही फोनच्या फार जवळ आहात. तुम्हाला काढलं तर खाली काहीच उरत नाही.’

वाडीतला पंचनामा बंद झाला. बँड गेल्या महिन्यात मुंबईत वाजवून गेला, आम्हा तिघांपैकी कोणीच गेलं नाही. अर्नाळ्याचा अजूनही फोनवर सांगतो की दोस्ताने अख्खं गाणं म्हटलं. मी कुठल्या तोंडाने खोडून काढणार?

मावशींकडे मात्र मी रविवारी जातो. बाजारातून काय हवं नको ते आणून देतो, गॅस लावून देतो. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. उलट माझ्यापुढे सुकट-भाकरीचं ताट ठेवतात, आणि जेव म्हणतात.

परवा गेलो तेव्हा दार उघडंच होतं. चपला काढताना आतून शिट्ट्या ऐकू आल्या आणि मी बाहेरच थांबलो. मावशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, मोबाईल कानाशी. सगळं शांत झालं, त्याने श्वास घेतला, आणि मी ओरडलो. त्यांनी परत लावलं. त्याने परत श्वास घेतला, आणि मी परत ओरडलो.