कार्डावरची लाल खूण

कस्तुराबाई भालेराव कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसत. चौसष्ट साली पिंपरीच्या एका इस्पितळात त्या बाटल्या धुवायला लागल्या. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन बी.एस्सी. झाल्या आणि एकोणऐंशीत आनुवंशिक आजार तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. तेव्हा कुणाकुणाची तोंडं वाकडी झाली ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. तेव्हापासून निकालांच्या कपाटाची किल्ली कमरेला आणि डोळा प्रत्येकाच्या हातावर.

तिथे मुख्य काम सिकलसेल तपासण्याचं. हा रक्तातला दोष आईबापांकडून येतो. दोघांकडून आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत, फक्त लग्न ठरवताना जपायचं. चंद्रपूरकडून कारखान्यांत आलेल्या पोरांमध्ये तो बराच सापडे. निकाल बाई ज्याचा त्यालाच सांगत, तोही दार लावून.

आणि तरी एका कंपनीने पंधरा दिवसांत दोन हंगामी कामगार काढले. दोघंही ठणठणीत, दोघांचाही दोष एकाकडूनच आलेला. 'तुमच्या रक्तात खोट आहे,' असं त्यांना तोंडावर सांगितलं म्हणे. झालं! बाईंच्या डोक्यात किडा वळवळला. बातमी फुटली कुठून?

कपाटाची दुसरी किल्ली अर्जुनरावांकडे असे. अर्जुनराव मोशीचे, बारा वर्षांपासूनचे तंत्रज्ञ, आणि त्यांचा सख्खा मेहुणा त्याच कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी-रजा बघणारा कारकून. आता आणखी काय हवं? बाईंनी किल्ली काढून घेतली आणि एवढ्या अनुभवी माणसाला चक्क बाटल्या धुवायला बसवलं. खरं-खोटं विचारलं नाही, कारणही सांगितलं नाही. अर्जुनराव गप्प राहिले. खरा असता तर भांडला असता, असं बाईंना वाटलं, आणि संशय पक्का झाला.

त्यानंतर ज्ञानदेव आला. त्याच कंपनीत सहा महिने हंगामी, येत्या सोमवारी कायम व्हायचा होता, आणि बायकोला पाचवा महिना. त्याची तपासणी बाईंनी कुणाला हात लावू न देता स्वतः केली. दोष एकाकडूनच होता. बायकोला तेवढं तपासून घे, नोकरीला धक्का नाही, असं त्यांनी त्याला छातीठोकपणे सांगितलं.

सोमवारी दुपारी ज्ञानदेव दारात उभा. त्याला काढला होता.

"मॅडम, कारकुनाने नुसतं हे तुमचं तपासणीचं कार्ड पाहिलं. म्हणाला, लाल खूणवाले आमच्याकडे ठेवत नाहीत."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. कोपऱ्यात बारीकशी लाल खूण होती. ज्याला दोष निघाला आणि दुसऱ्यांदा बोलवायचं, त्याला रांगेत उगाच पुन्हा सुई टोचू नये म्हणून ती खूण त्या स्वतःच करत. आणि अर्ध्या दिवसाची रजा मिळवायला प्रत्येक कामगार तेच कार्ड टाइम ऑफिसात दाखवत होता. लाल खूणवालाच पुन्हा तपासणीला जातो हे दोन वेळा पाहिल्यावर कारकुनाला कळायला कितीसा वेळ? प्रयोगशाळेत लाल शाईचं पेन एकच होतं आणि ते बाईंच्या खिशात होतं.

त्या तडक कंपनीत गेल्या. हा आजार नाही, असं सही-शिक्क्याचं पत्र त्यांनी मॅनेजरपुढे ठेवलं. त्याने चहा पाजला, पत्र वाचलं आणि जागा भरली म्हणून सांगितलं. परत येऊन बाईंनी ते पेन मोडून टोपलीत टाकलं, पण त्याने ज्ञानदेवाची नोकरी थोडीच परत येणार होती?

अर्जुनराव हौदाशी बाटल्या धूत होते. बाईंनी सगळं सांगितलं आणि किल्ली पुढे केली. त्यांनी सावकाश हात पुसले.

"बाई, मला येकदा इचारायचं तरी हुतं."

बाईंना लाज वाटली, भयंकर लाज वाटली. किल्ली त्यांच्या हातावर ठेवून त्यांनी कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि उरलेल्या बाटल्या धुवायला घेतल्या.