दोन वाजता झोपणारं मशीन

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांपैकी मी आहे. सीताबर्डीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बिघडलं की कारण सापडतंच… केबल, ड्रायव्हर, नाहीतर आत शिरलेलं झुरळ. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याच्या सुशीलाकाकूंचा जुना डेस्कटॉप आला. हार्डडिस्क आचके देत होती. आत काही महत्त्वाचं आहे का, मी विचारलं. काकू म्हणाल्या, फोटो पेनड्राइव्हवर आहेत, बाकी काही नाही. झालं! नवी डिस्क टाकली, विंडोज नव्यानं घातलं, जुनी डिस्क भंगारात दिली.

दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन, स्लीपचं बटनच दिसत नाही म्हणे. दुपारी गेलो. कूलर घरघरत होता. आतल्या खोलीत त्यांची लेक वैशाली तान्ह्या बाळाला घेऊन झोपली होती. बाळंतपण माहेरी, बारसं परवावर आलेलं.

काकूंचे यजमान, म्हणजे काका, हिंगण्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर काही रोज उठून विझवत नाहीत, म्हणून घरचा कॉम्प्युटरही त्यांनी कधी शटडाउन केला नाही. दुपारी दोनला त्याला स्लीपवर टाकायचे, वरून आपला खांद्यावरचा दुपट्टा झाकायचे आणि स्वतः आडवे व्हायचे. मधे लाइट गेली तरी हायबरनेशनमुळे उघडलेलं सगळं जसंच्या तसं परत यायचं. वैशालीला सातवा महिना असताना काका गेले. तेव्हापासून दोनची ही ड्यूटी काकू करतात.

बटन गायब होण्याचं कारण साधं होतं. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर मी टाकलाच नव्हता, आणि त्याच्याशिवाय विंडोज स्लीप दाखवत नाही. घरी नेट नव्हतं, ड्रायव्हर मी पेनड्राइव्हवर नेला होता. तो बसवत असताना काकू शेजारी येऊन बसल्या.

"हे सुरू झालं का ह्यांचं उघडं ठेवलेलं परत येईन ना गा?"

"काय उघडं होतं काकू?"

"नातवंडाचं नाव. टाईप करून ठेवलं म्हणे, बारशाले पाहजो. मले बी नाही सांगितलं. आता पोरगी अडून बसली, बाबांनं ठरवलं तेच ठेवीन म्हणते."

ते होतं जुन्या डिस्कवर, आणि ती मी भंगारात दिली होती. पेनड्राइव्हवर सेव्ह केलं होतं का, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जो माणूस मशीन कधी बंदच करत नाही तो सेव्ह कशाला करेल? आणि काकूंच्या लेखी ते 'आत' नव्हतंच, समोर उघडं होतं. मीच खोदून विचारायला हवं होतं. शेवटी खरं ते सांगून टाकलं. काकू पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

ड्रायव्हर बसला. कमांड देऊन हायबरनेशनही चालू केलं. मेन्यूत स्लीप दिसायला लागलं, तेव्हा दोन वाजत आले होते. काकूंनी स्वतः क्लिक केलं, दुपट्टा झाकला आणि चहा करायला गेल्या. मी मशीनसमोरच्या खुर्चीतून हललो नाही… हे शपथेवर सांगतो.

चहा झाल्यावर, एकदा तपासून घ्यावं म्हणून मी दुपट्टा काढून कीबोर्डवरची एक की दाबली. नोटपॅड उघडं होतं. त्यात मराठीत एकच ओळ —

नातीचं नाव इंदू.

नवीन विंडोजमध्ये मराठी टायपिंग मी अजून टाकलंच नव्हतं. आणि काका गेले तेव्हा नात होणार की नातू, हे तरी कोणाला ठाऊक होतं?

काकूंनी वैशालीला हाक मारली. तिनं ती ओळ वाचली, बाळाला छातीशी धरून खालीच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. काकू मात्र शांत होत्या. मी सवयीनं सेव्ह करून नोटपॅडची खिडकी बंद करायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बंद नको करू गा. त्यांचं अजून काही लिहायचं राहिलं असन तर?"

नंतर मी लॉग तपासले, डिस्क तपासली, माहीतगार मित्रांना विचारलं. कारण काही सापडलं नाही. इंदू आता चालायला लागली. मशीन रोज दोनला झोपतं. आणि मी, काही ना काही निमित्त काढून, महिन्यातून एकदा सक्करदऱ्याला जाऊन येतो… खाली आणखी एखादी ओळ आली का, ते पाहायला.