परीक्षा होऊ दे, मग सांगू

माझी पुतणी संघमित्रा यंदाच्या सप्टेंबरमध्ये, एका गुरुवारी पहाटे, फिनलंडमधल्या एका रुग्णालयात वारली. वय चोवीस. घरी तिला मितू म्हणत. वनशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं तिचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी मेंदूज्वर असं नोंदवलं आहे. तिथल्या जंगलांत गोचिडीच्या चाव्यातून एक विषाणू माणसाच्या शरीरात जातो, त्यातून हा ज्वर होतो. बातमी मला लिननं फोनवर दिली. लिन ही व्हिएतनामची मुलगी. विद्यापीठाच्या वसतिगृहात दोघींच्या खोल्या शेजारी होत्या आणि स्वयंपाकघर एक. फोन आला तेव्हा नागपुरात सकाळ झाली होती आणि मी सीताबर्डीजवळच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभा होतो. आत माझे थोरले भाऊ, म्हणजे मितूचे बाबा, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेवर होते.

दादा बसच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. घर नागपुरातल्याच नंदनवन भागात. आमच्या घरातलं जंगलाशी नातं एवढंच की आजोबा तरुणपणी लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, हमाल होते. मितूनं बारावीनंतर वनशास्त्र घेते म्हटलं तेव्हा दादा माझ्याकडे प्रतापनगरला आले आणि चहा बशीत ओतून घेतला. मग म्हणाले, "सगळ्यायच्या पोरी कॉम्प्युटरकडे जाऊन राहिल्या, आन् हे झाडं मोजतो म्हणते. मोजू दे म्हणा. झाडं पळून तं नाही जात." फिनलंडची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांनी जगाचा नकाशा आणून भिंतीला लावला. नागपूरवर लाल टिकली लावली आणि त्या गावावर हिरवी. वहिनींनी विचारलं, "एवढं वर काहून आहे जी ते?" दादांनी हिरवी टिकली अंगठ्यानं आणखी दाबून बसवली.

पहिल्या वर्षीचे तिचे फोन बहुतेक हसण्याचे असत. दादा दुपारच्या चहाला बसले की तिथं तिची सकाळची बस यायची असे. बसथांब्यावर उभी राहून ती बोलायची. आधी मी ज्यात काम करतो ते वर्तमानपत्र मोबाईलवर उघडून नागपूरचं तापमान बघायची आणि मग स्वतःच्या गावचं सांगायची. जानेवारीत वजा वीसच्या खाली गेलं तेव्हा दादांना ते पटेना. "मायनस म्हंजे फ्रीजपेक्षाही?" त्यांनी विचारलं. "बाबा, फ्रीज इथं गरम वाटते," ती म्हणाली. तिथल्या लोकांना तापवलेल्या लाकडी खोलीत घाम गाळत बसायची आवड. वर्गातली मुलं तिला पहिल्यांदा तिथं घेऊन गेली, तेव्हा ही दुबळी पोरगी किती टिकते यावर त्यांच्यात पैज लागली होती. एकेक जण उठून बाहेर बर्फात पळाला. मितू शेवटपर्यंत बसून राहिली. फोनवर म्हणाली, "काका, हे लोक खोली बंद करून मे महिना बनवतात. मी म्हटलं, मी नंदनवनची आहे, वरच्या माळ्यावर राहते, पत्र्याखाली. अजून लाकडं टाका."

तिच्या अभ्यासाच्या कामात झाडाचा घेर जमिनीपासून एका ठरावीक उंचीवर मोजतात. साधारण माणसाच्या छातीइतकी ती उंची असते. मितूच्या ती बरोबर हनुवटीला लागायची. हे ध्यानात आल्यावर वर्गातल्या मुलांनी मोजपट्टी काढणंच सोडलं. मितूला झाडाशेजारी उभं करायचं, हनुवटीपाशी खूण करायची, पुढच्या झाडाकडे जायचं. हे ऐकून वहिनी चिडल्या: "पोरीले खुटा बनवला का तेह्यनं?" मितू म्हणाली, "आई, इतका मान मले नागपुरात कधी नाही भेटला." तिनं तिकडे पोहे मिळत नाहीत म्हणून ओट्सवरच तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, घालून वर्गाला खाऊ घातली. लिनच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं दुसऱ्यांदा घेतली. गोठलेल्या तळ्यावरून चालताना खालून बर्फ कुरकुरल्याचा आवाज आला आणि मितू भर मध्यात खाली बसली. मागून एक म्हातारा कुत्रं घेऊन आला, तिच्याकडे न बघता पुढे गेला. कुत्र्याचं वजन तिच्याएवढं होतं, म्हणून मग तीही उठली... एकदा धुक्यात ती गटापासून चुकली. अशा वेळी जागेवरून हलायचं नाही, हे त्यांना शिकवलेलं होतं. ती एका खोडावर बसून रानातली निळी बोरं खात राहिली. तिला शोधायला आलेल्यांना तिची जीभ आधी दिसली, निळीजांभळी. ही गोष्ट तिनं मला सांगितली आणि बाबांना सांगू नका म्हणाली.

न सांगण्याची आमच्या घरात जुनी रीत आहे. बहुतेक शिकणाऱ्या घरांत असावी. मुलाची परीक्षा असली की घरातलं आजारपण, भांडण, मयत, काहीही त्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. माझ्या बीएच्या परीक्षेच्या वेळी माझे मामा वारले ते मला शेवटचा पेपर देऊन आल्यावर कळलं. कोणाला त्यात गैर वाटलं नाही, मलाही नाही. "परीक्षा होऊ दे, मग सांगू" हे वाक्य आमच्याकडे दार लावून घेण्याइतकं सहज म्हटलं जातं.

गेल्या डिसेंबरमध्ये आमची आई गेली. मितू तिच्या मांडीवर वाढलेली. तिचे पेपर सुरू होते. दादांनी घरात जमलेल्या सगळ्यांना बजावलं, पोरीला कोणी सांगायचं नाही, स्टेटसवर फोटो टाकायचा नाही. मग रीतीप्रमाणे त्यांनी निधन वार्ता लिहून माझ्या कार्यालयात पाठवली, फोटोसह. खाली ओळ होती, "अंत्ययात्रा नंदनवनच्या राहत्या घरून निघेल." मुलगी रोज सकाळी तेच वर्तमानपत्र उघडते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. वार्ता नेहमीच्या जागी छापली गेली. त्या दुपारी मितूचा फोन आला तेव्हा मी दादांच्या शेजारी बसलो होतो. तिनं विचारलं, "आजी काय करते?" दादा म्हणाले, "झोपली आहे." पलीकडे बस येऊन थांबल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बरं. उठवू नका तिले."

तिचे पेपर संपेपर्यंत हे असंच चाललं. संपल्यावर दादांनी सांगितलं आणि ती रडली. तिला आधीच माहीत होतं, हे तिनं मला एकट्याला जानेवारीत सांगितलं. "बसथांब्यावर वाचलं, काका. चष्मा घातलेला फोटो दिला तुम्ही. तिले तो आवडत नव्हता." मी विचारलं, मग बोलली काहून नाही? ती म्हणाली, "बाबा इतकं जपून राहिले होते... त्यायचं कसं मोडू?"

जुलैमध्ये त्यांचा वर्ग जंगलात मुक्कामाला होता. तिथून तिनं फोटो पाठवला, पोटरीवर तिळाएवढा काळा ठिपका. खाली लिहिलं होतं, इथं गोचीड माणसालाही लागते, मी म्हैस झाले. वहिनींनी रॉकेल लाव म्हणून सांगितलं. या ज्वरावर लस आहे आणि जंगलात काम करणारे ती घेतात. मितूनं पहिला डोस घेतला होता, दुसरा राहिला होता. ऑगस्टमध्ये तिला ताप आला आणि उतरला. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. या आजाराची चाल अशीच असते असं तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ताप येतो, जातो, माणूस बरा झालो म्हणून कामाला लागतो आणि मग तो मेंदूत शिरतो. सगळ्यांचं असं होत नाही. काहींचं होतं.

त्याच ऑगस्टमध्ये दादांच्या हृदयाच्या तीन वाहिन्या बंद असल्याचं निघालं आणि सप्टेंबरमधली शस्त्रक्रिया ठरली. दादांनी मितूला फक्त "चेकअप आहे" एवढंच सांगायला लावलं. तिनं खरं काय ते माझ्याकडून काढून घेतलं. पत्रकाराची पुतणी, दोन प्रश्नांत काढलं. दुसरा ताप आला तेव्हा ती लिनला म्हणाली, "घरी कळवू नकोस. बाबांचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू." लिननं हे मला इंग्रजीत सांगितलं. मूळ वाक्य कोणत्या भाषेतलं आहे, हे मला लगेच कळलं. लिन आठवडाभर गप्प राहिली. तिच्या घरीही अशीच रीत आहे, असं ती म्हणाली.

दादांची शस्त्रक्रिया सोमवारी झाली. मंगळवारी लिनचा पहिला फोन आला. मितू शुद्धीवर नव्हती आणि श्वास यंत्रावर होता. मी तिथल्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी सावकाश, स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की या विषाणूवर औषध नाही, शरीराला आधार देणं एवढंच हातात आहे. आधी कळलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, उपचारात नाही. वहिनींकडे पासपोर्ट नव्हता. दादांकडे नव्हता. माझ्या पासपोर्टची मुदत संपली होती. दिवसभर मी जिथं जिथं फोन करता येतो तिथं केले; सगळे सौजन्यानं बोलले आणि सगळ्यांनी लागणारे दिवस सांगितले. ते दिवस आमच्याकडे नव्हते.

बुधवारी दादा अतिदक्षता कक्षातून बाहेरच्या खाटेवर आले होते आणि मितूचा फोन आला का, असं विचारत होते. तिथं आलेल्या माझ्या एका चुलत पुतण्यानं सांगितलं, तिचे क्लास चालू आहेत. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की टाके ताजे आहेत, धक्का नको. आम्ही भाऊबंद व्हरांड्यात उभे राहिलो आणि ठरवलं, सांगायचं नाही. दादांना घरी येऊ दे, मग सांगू. वहिनी बाकावर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या. आमच्यासमोर सहसा न बोलणाऱ्या बाई आहेत.

"यायनं आपल्या मायचं पोरीपासून लपवलं," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "पोरीनं आपलं यायच्यापासून लपवलं. आता तिचं मी लपवू? मंग बोलन कोण कोणाशी?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, त्यांच्या जिवाला धोका आहे."

"असन," वहिनी म्हणाल्या. "विचारते त्यायलेच."

त्यांनी दादांना बसतं केलं. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर खोकताना पोटाशी धरायला उशी देतात, ती त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं. एका वाक्यात सांगितलं. दादांनी उशी छातीशी आवळली. डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी यंत्राकडे बघत उभे होते. दादा म्हणाले, "जित्ती आहे ना?"

"आहे."

"मंग लाव ना वं फोन. पाहून काय राहिली?"

बुधवारची संध्याकाळ होती. लिन तिकडे रुग्णालयात मितूजवळच होती. दादांना मोठ्यानं बोलता येत नव्हतं. प्रत्येक वाक्यानंतर दम लागत होता. ते म्हणाले, "मितू, बाबा बोलून राहिलो. माहं ऑपरेशन झालं वं. चांगलं झालं, डॉक्टरसाहेब इथंच उभे आहेत. तुले चेकअप म्हटलं होतं, ते खोटं होतं... आता सांगतो सगळं." आणि त्यांनी खरोखरच सगळं सांगितलं. आजी कोणत्या दिवशी गेली, कशी गेली, शेवटी कोणाचं नाव घेतलं. घराचा पत्रा यंदा गळला. वर्कशॉपातला त्यांचा जुना सोबती वारला, तेही तिला सांगितलेलं नव्हतं. वहिनींना साखर निघाली. मध्ये एकदा म्हणाले, "तू बी सांगत जा वं. मले काय, मी फोरमन होतो, ऐकून घेईन." नर्सनं थांबायची खूण केली. ते थांबले नाहीत. मग आवाजच राहिला नाही तेव्हा थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिनचा तो फोन आला. दहन तिथंच झालं. अस्थी ऑक्टोबरमध्ये नागपुरात आल्या आणि नंदनवनच्या विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला. आजी गेल्याचं मितूला डिसेंबरमध्येच माहीत होतं, हे मी दादांना गेल्या आठवड्यात सांगितलं, हा मजकूर छापून येण्याआधी. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोलून राहिलो होतो, आन् ते मले सांभाळून राहिली होती." मग त्यांनी लिनला फोन लावायला सांगितला. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. मी ती इंग्रजीत विचारली: त्या संध्याकाळी तिला ऐकू आलं का?

लिन म्हणाली, ते ती सांगू शकत नाही आणि डॉक्टरही सांगू शकले नाहीत. फोन मितूच्या उजव्या कानाशी होता. तो ठेवता यावा म्हणून नर्सनं नळी बाजूला घेऊन चिकटवली होती. आवाज पूर्ण वाढवलेला होता. बाबा बोलायचे थांबेपर्यंत लिननं तो तिथंच धरून ठेवला होता.