जंगलाचा वाटा

अशा विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मधमाश्यांचे माझे ज्ञान एका मे महिन्याच्या सुट्टीतले. त्या सुट्टीत मी मधपेट्यांच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या हाताखाली होतो.

माले गावच्या भिवाकाका धनगरांना ऑफिसने तीन पेट्या दिल्या होत्या. पेटीच्या खालच्या कोठीत माश्यांची पिल्ले, वरच्या कोठीत मध. दुसऱ्यांदा वरच्या कोठ्या रिकाम्या निघाल्या. काकांनीच मध परस्पर विकला, असे साहेबांचे मत पडले. पेट्या परत घ्याव्यात असा रिपोर्ट मी लिहायचा होता.

लेखणी उचलेना. विकणारा माणूस पोळे कापून नेईल. इथे ते चघळलेले होते. शेजारच्या खडकावर विष्ठा दिसली. तिच्यात जांभळाच्या बिया आणि मेणाचे कण. मी पेट्यांभोवती राख पसरली. सकाळी राखेत नखांचे बारीक ठसे उमटले होते.

"उदमांजर हाय," काका म्हणाले. सावर फुलली की ते फुलातला रसही पितं, हेही त्यांनी कौतुकाने सांगितले. मलाही कौतुक वाटले. जड झाकण सरकवून त्याने फक्त मध खाल्ला होता. खालच्या पिल्लांना धक्का नव्हता.

मी साहेबांना सांगितले. "मांजर झाकण उघडतं? इंटर सायन्सला हे शिकवतात का?" असे म्हणत ते आले, राखेपाशी बसले आणि एकेक ठसा निरखू लागले.

पण ते इथेच का येते? खडकावर उरल्यासुरल्या पोळ्याचा ताजा तुकडा होता. काकांनी काही लपवले नाही. मध काढला की जंगलाचा वाटा ठेवायचा, ही त्यांच्या आज्यापासूनची रीत. पूर्वी वाटा रानात, पोळ्याच्या झाडाखाली राही. आता तो पेट्यांच्या दारात होता, आणि जनावराला वाट सापडली होती.

साहेब म्हणाले, वाटा बंद करा, नाहीतर पेट्या नेतो.

"पेट्या न्या," काका म्हणाले. "वाटा बंद व्हनार न्हाई."

मी चाचरत सुचवले, वाटा ओढ्यापलीकडे ठेवला तर? काकांनी बराच विचार केला. "चालंल. त्येला नाक हाय, तितं बी घावंल."

झाकणे तारेने बांधली. मी खरे तेच रिपोर्टात लिहिले. निर्णय होण्याआधी माझे कॉलेज सुरू झाले. राख पसरायच्या आधी कुणाला चोर म्हणू नये, एवढे मात्र शिकून आलो.

दिवाळीनंतर साहेबांचे कार्ड आले. पेट्या काकांकडेच राहिल्या, पुन्हा लूट झाली नाही. गावात आणखी दोघांना पेट्या दिल्या आहेत, आणि वाटा ओढ्यापलीकडे ठेवायचा हे साहेब त्यांना स्वतः बजावतात.