बिननावाच्या सायकलीचा कारागीर

माझ्या थोरल्या साडूंइतका चौकस माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि चौकशीपायी इतकं हसं करून घेणाराही. चौसाळ्याजवळचा सहकारी दूध संघ बंद पडला, भंगाराचा लिलाव झाला, तेव्हा लोकांनी कॅन नेले, पंखे नेले. तिथेच उभी हयात नोकरी केलेल्या साडूंनी आणला तो सायकलचा नुसता सांगाडा. ना चाकं, ना कंपनीचा बिल्ला, ना नंबर. "नाव लिवलेलं न्हाई म्हून काय तिला बाप न्हाई का?" असं म्हणून ते त्या बापाच्या शोधाला लागले.

विलायती पोलाद बराच वेळ घुमतं, देशी लवकर गप बसतं, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्यामुळे सांगाडा दारातल्या लिंबाला टांगून ते तो चमच्याने वाजवत, आणि तुलनेसाठी येणाऱ्याजाणाऱ्याची सायकल थांबवून तीही वाजवत. पुतणीसाठी स्थळ पाहायला गेलो, तर पोहे येईपर्यंत यांनी यजमानांची सायकल अंगणात उलटी करून तिचे सांधे भिंगातून तपासायला घेतले. मुलाच्या वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सायकल जरा जुनी हाय, पण जमीन बागायती हाय."

त्या वर्षी दुष्काळामुळे गावात टँकर यायचा. कुणीतरी ओळखेल या आशेने साडू सांगाडा घेऊन घागरींच्या रांगेत उभे राहायचे. बायांनी आधी हसून घेतलं, मग सांगाड्यालाही नंबर दिला. मेहुणी मला म्हणाली, "लोकं पानी आनत्यात, आमचे हे लोखंड हिंडवून आनत्यात." पण एके दिवशी टँकरचा ड्रायव्हरच खाली उतरला. सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "नळ्या सांधायला इतकं जाड पितळ लावणारा एक म्हातारा आमच्या आष्टीत हाय. आता दिसत न्हाई त्याला."

दुसऱ्याच दिवशी आम्ही आष्टी गाठली. म्हातारा बाजेवर बसला होता. सांगाडा मांडीवर ठेवताच त्याने एकेक नळी चाचपली आणि मागच्या डाव्या नळीपाशी थांबला.

"ही आत वाकलीय. माजा हात तिकडंच जायचा. माजीच हाय ही."

"मग नाव कावून न्हाई घातलं?" साडूंचा आवाज चिरकला.

"आमची कारागिरांची सोसायटी होती. नाव चेअरमनच्या बापाचं घालायचं का सेक्रेटरीच्या आईचं, ह्याच्यावर सभा तहकूब झाली. ती अजून तहकूबच हाय."

साडूंनी पिशवीतून खिळा काढून त्याच्या हातात दिला. "आता कोरा. तुमचं नाव."

म्हातारा हसला. "मला लिवता कुठं येतं."

चहा झाला. निघायची वेळ आली तरी त्याचा अंगठा सांध्यावरून फिरतच होता. साडूंनी दोनदा घसा खाकरला, सांगाड्याकडे हात नेला, मागे घेतला आणि चपला घालू लागले.

बसमध्ये ते खिडकीपाशी बसले. रिकामे हात कुठे ठेवावेत, हे त्यांना गाव येईपर्यंत कळलं नाही.