खुर्चीचा डावा हात

आमच्या फोटो स्टुडिओत मोडकं म्हणून जे काही येतं, ते बाईच्या टेबलावर जातं. कान तुटलेला कप, काटा हरवलेलं घड्याळ, पाय गेलेला लाकडी घोडा. त्या वस्तूचा फोटो निघाला की बाई कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर उघडते आणि नसलेला भाग असा भरते, की खुद्द मालकाला जोड सापडत नाही. मी शेजारी प्रिंटिंग मशीनवर बसते, त्यामुळे तिची सगळी अंडीपिल्ली मला ठाऊक.

तिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत. गिऱ्हाईक आलं की तो हात टेबलाखाली जातो, सवयच तशी. लहानपणी वडिलांच्या सुतारखान्यात सगळे तिला लाडाने 'सहाबोटी' म्हणायचे. पुढे शाळेतही तेच म्हणायचे, पण तो लाड नव्हता.

वडील कोरीव कामातले. ती चार वर्षांची असताना त्यांनी एक खुर्ची घडवली. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या टोकांना लेकीच्या मिटलेल्या मुठी कोरल्या, उजवी पाच बोटांची, डावी सहा. मग वडील पाय मोडून अंथरुणाला खिळले आणि त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाने ती खुर्ची प्रदर्शनात नेली, स्वतःच्या नावावर! नेण्याआधी डावी मूठ करवतीने कापली. ती कुणाची, हे सुतारखान्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं ना. लोकांना सांगितलं, वाहतुकीत मोडली. बक्षीस मिळालं, नाव झालं, दुकान झालं. वडिलांनी ब्र काढला नाही. बायकोमुलीला घेऊन या शहरात आले आणि लोकांची दारं-खिडक्या ठोकत राहिले.

"भावाशी काय भांडायचं," एवढंच म्हणायचे. मला विचाराल तर चांगलं कचकचून भांडायचं! बाई पस्तीस वर्षं मनात धरून होती. डबा खाता खाता मध्येच म्हणायची, "एकदा हाती लागू दे मला."

लागला. आपल्या पायांनी चालत आला. सुतार संघ त्याचा सत्कार करणार होता, पुस्तिका छापायची होती, मुखपृष्ठावर खुर्चीशेजारी उभा असलेला तो. संघाचे चिटणीस म्हणाले, "खुर्ची मोडकी दिसते हो, डावा हात तेवढा भरून द्या."

"सोपं आहे," काका म्हणाला. "उजवा उचलायचा, उलटा करून डावीकडे चिकटवायचा. मूळचा तसाच होता. माझ्या हातची आहे, मला नाही माहीत?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बाईने मात्र मान वर केली नाही. त्याने तिला ओळखलंही नव्हतं. "मूळचा जसा होता तसा करते," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिने टेबलाखालचा हात बाहेर काढला, मूठ मिटून खिडकीशी धरली आणि मला म्हणाली, "काढ फोटो." फोटोत खुर्चीवर जसा डावीकडून उजेड होता, तसाच घेतला. मग ती मूठ लहान केली, खुर्चीच्या उजव्या हातावरचं लाकूड, रेषा, घासून आलेली चकाकी एकेक करून तिच्यावर चढवली. दोन दिवस त्यातच होती. प्रिंट घरी नेऊन वडिलांपुढे ठेवला. आता म्हातारा "सोड गं" म्हणणार, हे ती धरूनच होती. वडिलांनी बराच वेळ पाहिलं. मग बोट टेकवून म्हणाले, "अंगठा बाहेर नव्हता. आत दाबलेला होता, नख तेवढं दिसायचं." दुसऱ्या दिवशी हे सांगताना ती ढसाढसा रडली, आणि रडत रडतच अंगठा आत घेतला.

प्रूफ पाहायला काका स्वतः आला. मीच पुढे केलं. त्याने आपलं तोंड पाहिलं, गालावरचा डाग काढायला सांगितला, नाव मोठं करायला लावलं आणि सही ठोकली. खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सत्काराला बाई, तिचे वडील आणि मी असे तिघं गेलो, मधल्या रांगेत बसलो. समोर जुने सुतार, पॉलिशवाले. पुस्तिका वाटल्या तशी कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा पॉलिशवाला उठून म्हणाला, "काय हो, डाव्या मुठीला सहा बोटं कशी?"

काकाने पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. तोंडचं पाणी पळालं त्याच्या. "स्टुडिओवाल्यांनी घोळ घातलाय," तो माईकवर म्हणाला. त्याच्या सहीचं प्रूफ माझ्या पर्समध्ये होतं. मी ताडकन उठणार, तोच बाईने मला खाली दाबलं. घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. हसण्याचा आव आणून त्याने सगळ्यांना विचारलं, "तुम्हीच सांगा, कुणाच्या हाताला सहा बोटं असतात का हो?"

बाईने डावा हात वर केला.

पॉलिशवाल्याने चष्मा पुसून पुन्हा घातला. "अगं, सहाबोटी तू!" मग त्याची नजर शेजारी गेली आणि तो वडिलांकडे बघून हातच जोडून उभा राहिला. एकेक करून सगळी रांग मागे वळली. चिटणिसांनी सन्मानचिन्ह उचललं होतं, ते गुपचूप टेबलावर ठेवलं. काका माईक धरून तिथेच एकटा उभा. तुम्ही म्हणाल, दया यायला हवी होती. मला नाही आली, आणि तिला तर नाहीच नाही. आयुष्यभर लपवलेला हात तिने खाली घ्यायचं नावच घेतलं नाही.

हळूहळू तो दुखायला लागला असणार, कारण वडिलांनी तिच्या कोपराखाली आपला तळवा लावला. काका व्यासपीठावरून उतरून जाईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.