हॉटेलातली भोगी

महाबळेश्वरच्या त्या इंग्रजी अमदानीतल्या हॉटेलात भोगीचं खास जेवण होतं. लाकडी नक्षीच्या छताखाली पांढऱ्या टोपीतला आचारी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होता. नवऱ्याने भोगीच्या भाजीचा पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न झाल्यापासून दर भोगीला मी हीच भाजी करते. तेच पावटे, तेच ओले हरभरे, तीच वांगी. पण कौतुकाचा एक शब्द नाही. इथे मात्र हा उठून विचारतोय, "दादा, तीळ भाजून कुटलेत का हो?" अरे, मग मी काय भुसा घालते?

खोड काढायची म्हणूनच मी घास घेतला. भाजी चांगली होती, मेली. तेवढ्यात आचाऱ्याने तव्यावरून फुगलेली भाकरी थेट माझ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला. "ताई, गरम आहे तोवर खा."

घरी सगळ्यांना वाढून माझ्या वाट्याला येईपर्यंत भाकरी गार झालेली असते. पहिला वाफाळता तुकडा तोंडात विरघळला आणि मी आचाऱ्याला विसरले. आता मला नवऱ्याचा हेवा वाटत होता. हा माणूस दर भोगीला अशी भाकरी खातो, आणि तरी गप्प बसतो!